बॅलेची नृत्यरचना आणि नृत्यरचनाकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅलेच्या इतिहासात रस घेणाऱ्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. वरवर वेगळे वाटणारे यांतले बरेच प्रश्न शेवटी एकाच मुद्द्यापाशी येतात : आज रंगमंचावर दिसणारा नाच नेमका कोणी रचला आणि तो आपल्यापर्यंत कसा पोहोचला? प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या उत्तराला लागून आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नर्तकांना पावले येतच असतात. मग नृत्यरचनाकार वेगळे काय करतो?

बॅले शिकलेल्या नर्तकाजवळ प्लिए, अरबेस्क, पिरुएट अशा ठरलेल्या हालचालींचा साठा असतो. त्या साठ्यातले काय घ्यायचे, कोणत्या मात्रेवर घ्यायचे, रंगमंचाच्या कोणत्या कोपऱ्यातून आणि कोणाकडे तोंड करून घ्यायचे, समूहातल्या चोवीसजणींनी त्या वेळी कुठे उभे राहायचे, हे सगळे नृत्यरचनाकार ठरवतो आणि गरज पडली तर साठ्यात नसलेली हालचालही घडवतो. प्रत्येकाची कामाची रीत निराळी असते. मारियुस पेटिपा घरी टेबलावर छोट्या बाहुल्या मांडून समूहाच्या आकृत्या जुळवी आणि त्यांची टिपणे घेऊनच तालमीला येई. जॉर्ज बालनशीन मात्र संगीताची संहिता आधी पक्की अभ्यासून येई, पण पावले समोरच्या नर्तकांवरच, तालमीच्या खोलीत, तिथल्या तिथे रचत असे. विसाव्या शतकापूर्वी या माणसाला सहसा ‘बॅले-मास्टर’ म्हणत आणि रचनेबरोबरच नर्तकांचे शिक्षण, भूमिकावाटप व शिस्त हीदेखील त्याचीच जबाबदारी असे.

२. पहिला बॅले कोणता मानतात?

बहुतेक इतिहासकार १५ ऑक्टोबर १५८१ रोजी पॅरिसच्या दरबारात झालेल्या ‘बॅले कोमीक द ला रेन’ या प्रयोगापासून सुरुवात करतात. जोयेझचा ड्यूक आणि राणीची बहीण यांच्या विवाहानिमित्त तो बसवला होता. रचना बाल्ताझार द बोज्वायो या मूळच्या इटालियन व्हायोलिनवादकाची होती आणि प्रयोग पाच तासांहून अधिक चालला. नाचणारे दरबारी लोकच होते, व्यावसायिक नर्तक नव्हेत, आणि प्रेक्षक वरच्या सज्जांतून खाली पाहत असल्यामुळे जमिनीवर उमटणाऱ्या भौमितिक आकृत्यांना पावलांपेक्षा जास्त महत्त्व होते. त्याआधी इटलीच्या दरबारांतही असे नाच होत असत. मात्र कथा, गायन, देखावा आणि नृत्य यांना एका सूत्रात बांधण्याचा प्रयत्न इथे स्पष्ट दिसतो, आणि पुढच्याच वर्षी त्याचे सचित्र पुस्तक छापले गेल्यामुळे तो विस्मृतीत गेला नाही.

३. चौदाव्या लुईने बॅलेसाठी खरोखर काही केले, की ती केवळ राजाची स्तुती आहे?

स्तुती भरपूर झाली, पण कामही खरे आहे. लुई स्वतः चांगला नर्तक होता. १६५३ मध्ये ‘बॅले द ला न्वी’मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी तो उगवत्या सूर्याच्या वेषात नाचला आणि ‘सूर्यराजा’ ही प्रतिमा तिथूनच पक्की झाली. १६६१ मध्ये त्याने तेरा नृत्यशिक्षकांची शाही नृत्य अकादमी स्थापन केली. पायांच्या पाच मूळ स्थिती सूत्रबद्ध करण्याचे श्रेय त्याच्याच नृत्यशिक्षकाला, पिएर बोशाँला, दिले जाते. १६७० च्या सुमारास राजाने रंगमंचावर नाचणे थांबवले, त्यानंतर नाच दरबाऱ्यांकडून व्यावसायिकांच्या हाती गेला, आणि १६८१ मध्ये पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक स्त्रिया प्रथमच नाचल्या. तोवर स्त्रियांच्या भूमिका मुखवटे घातलेले पुरुष करत असत.

४. नोव्हेरचे एकही नृत्य उरलेले नाही, तरी त्याचे नाव सगळीकडे का येते?

कारण त्याचे पुस्तक उरले. जाँ-जॉर्ज नोव्हेरची ‘नृत्य आणि बॅलेविषयीची पत्रे’ १७६० मध्ये प्रसिद्ध झाली. बॅले म्हणजे कौशल्याच्या करामतींची माळ नव्हे, त्यात माणसांच्या भावना आणि घटना दिसायला हव्यात. मुखवटे काढून टाका, पिंजऱ्यासारखे घेरदार झगे आणि मोठाले केसांचे टोप टाका. संगीतकार, नेपथ्यकार आणि नृत्यरचनाकार यांनी एकाच कथानकासाठी काम करावे, असे त्याचे म्हणणे होते. स्टुटगार्ट आणि व्हिएन्ना येथे त्याने ते प्रत्यक्षातही आणले. मारी आंत्वानेत ही त्याची व्हिएन्नातली शिष्या. ती फ्रान्सची राणी झाल्यावर १७७६ मध्ये त्याला पॅरिस ऑपेराचे प्रमुखपद मिळाले. त्याची जन्मतारीख २९ एप्रिल, आणि १९८२ पासून हाच दिवस जागतिक नृत्यदिन म्हणून पाळला जातो.

तरीही ‘कथात्मक बॅलेचा जनक’ ही पदवी एकट्या नोव्हेरला देणे मला पटत नाही. जॉन वीव्हरने लंडनमध्ये १७१७ मध्येच शब्दांवाचून कथा सांगणारा बॅले केला होता, मारी साले १७३४ मध्ये साध्या मलमली वस्त्रात आणि मोकळ्या केसांनी नाचली होती, आणि व्हिएन्नात गास्पारो अंजोलिनीने ग्लुकच्या संगीतावर ‘डॉन जुआन’ १७६१ मध्ये सादर केला होता. या अंजोलिनीने पुढे छापील पत्रे लिहून नोव्हेरला जाहीर आव्हान दिले : हे श्रेय माझे गुरू हिल्फरडिंग यांचे आहे, आणि ज्या बॅलेचे कथानक समजण्यासाठी प्रेक्षकाला लांबलचक छापील माहितीपत्रक वाचावे लागते, तो बॅले फसलेला आहे. दुसरा आक्षेप आजही अनेक प्रयोगांना लागू पडेल.

नोव्हेरला नृत्यलेखनाविषयी फारशी आस्था नव्हती. त्याची नृत्ये नाहीशी होण्यात या अनास्थेचाही वाटा आहे (प्रश्न १० पाहा).

५. आजही सादर होणारा सर्वांत जुना बॅले कोणता?

‘ला फी माल गार्दे’ असे उत्तर बरेचजण देतात, पण ते अर्धेच बरोबर आहे. जाँ दोबेर्वालने तो १ जुलै १७८९ रोजी, बॅस्टिलच्या पाडावाच्या दोन आठवडे आधी, बोर्दो येथे सादर केला. आज टिकून आहे ती कथा. दोबेर्वालची पावले नाहीत. लंडनच्या रॉयल बॅलेची सुप्रसिद्ध आवृत्ती फ्रेडरिक अ‍ॅश्टनने १९६० मध्ये संपूर्ण नव्याने रचली आहे. मूळ नृत्यरचनेसह टिकलेला सर्वांत जुना बॅले म्हणून कोपनहेगनमधील व्हिन्चेन्झो गालेओत्तीच्या १७८६ च्या छोट्या विनोदी बॅलेचे नाव घेतले जाते. डेन्मार्कमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगात राहिला, म्हणून जगला.

६. ‘ला सिल्फीद’च्या दोन आवृत्त्या का आहेत?

पहिली फिलिपो टाल्योनीची, पॅरिस, १२ मार्च १८३२. आपली मुलगी मारी हिच्यासाठी त्याने ती रचली. बोटांच्या टोकांवर उभे राहणे ही मारीची खास शक्कल नव्हती, तिच्याआधीही काहीजणी ते करत असत; पण ते करामत न वाटता वनपरीच्या अधांतरी असण्याचा भाग वाटावा, हे तिच्यामुळे घडले. तिचे बूट आजच्यासारखे टणक नव्हते, रफू करून बळकट केलेले मऊ साटिनचे होते.

डेन्मार्कच्या ऑग्युस्त बूर्नोनव्हिलने पॅरिसमध्ये हा प्रयोग पाहिला आणि तो कोपनहेगनला करायचे ठरवले, परंतु मूळ संगीताची संहिता खर्चाच्या दृष्टीने आवाक्याबाहेरची होती. म्हणून त्याने लोव्हेनस्कोल्ड या तरुण संगीतकाराकडून नवे संगीत करून घेतले आणि १८३६ मध्ये स्वतःची नृत्यरचना सादर केली. टाल्योनीची रचना पुढे लुप्त झाली, डॅनिश आवृत्ती मात्र अखंड चालू राहिली. पॅरिसमध्ये आज जी ‘टाल्योनीची’ म्हणून दिसते, ती पिएर लाकोत याने १९७० च्या दशकाच्या आरंभी जुन्या साधनांवरून पुन्हा उभी केलेली आहे. ती देखणी आहे, पण तिला मूळ म्हणता येणार नाही.

७. ‘जिझेल’ची नृत्यरचना कोणाची? प्रत्येक पत्रिकेवर वेगळी नावे असतात.

२८ जून १८४१ रोजी पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हा जाहिरातीवर एकट्या जाँ कोराल्लीचे नाव होते. प्रत्यक्षात नायिकेचे बहुतेक नाच ज्यूल पेरो याने रचले होते. नायिका कार्लोत्ता ग्रीझी ही त्याची शिष्या आणि सहचारिणी होती, आणि तिचे काम तो पाहणार हे सर्वांना ठाऊक होते. पण ऑपेराच्या नोकरीत नसल्यामुळे पत्रिकेवर त्याचे नाव आले नाही.

पुढचा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. पॅरिसने हा बॅले १८६८ नंतर बंद केला. पीटर्सबर्गमध्ये तो चालू राहिला आणि पेटिपाने अनेक वेळा त्यावर हात फिरवला. दुसऱ्या अंकातील विलींचे, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या आत्म्यांचे, शुभ्र समूहनृत्य आज ज्या नेमकेपणाने दिसते, त्यामागे पेटिपाचा हात मोठा आहे. पहिल्या अंकातील जिझेलचा प्रसिद्ध एकल नाच तर रशियात मागाहून जोडलेला आहे आणि त्याचे संगीत मूळ संगीतकार अदाँचे नाही. १९१० मध्ये डियागिलेव्ह या रशियन संयोजकाच्या बॅले कंपनीने हा बॅले पॅरिसला परत आणला, तेव्हा पॅरिसकरांनी स्वतःचाच माल रशियाहून आयात केला असे म्हणायला हरकत नाही. सारांश, पत्रिकेवर ‘कोराल्ली, पेरो आणि पेटिपा’ अशी तिन्ही नावे असली, तर ती बरोबर आहे असे समजावे.

८. पेटिपा फ्रेंच होता, मग तो रशियन बॅलेचा शिल्पकार कसा?

मारियुस पेटिपाचा जन्म १८१८ चा, मार्सेय येथला. १८४७ मध्ये तो नर्तक म्हणून पीटर्सबर्गला गेला आणि तिथलाच झाला. झारच्या खजिन्यातून चालणारी नाट्यगृहे, शाळेतून तयार होऊन येणारे नर्तक आणि इटलीहून बोलावलेल्या तंत्रनिपुण नायिका, असे बळ त्या काळी पॅरिसमध्येही कोणाच्या पाठीशी नव्हते. १८७१ पासून १९०३ पर्यंत तो तिथला प्रमुख बॅले-मास्टर होता. ‘डॉन किहोते’ (१८६९), ‘ला बायादेर’ (१८७७), ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१८९०) आणि ‘रेमोंडा’ (१८९८) या त्याच्या रचना आजही जगभर होतात.

संगीतकाराकडून तो काय मागत असे, हे पाहण्यासारखे आहे. ‘स्लीपिंग ब्यूटी’साठी त्याने चायकोव्हस्कीला प्रसंगागणिक लेखी सूचना दिल्या. टकळीच्या प्रसंगात म्हातारी दोन-चारच्या (२/४) तालात हात चालवते. हळूहळू त्याचे तीन-चारचे मधुर वॉल्ट्झ व्हावे. मग एकदम विराम. राजकन्येच्या बोटाला टोच, किंकाळी, रक्त. इथे चार-चारच्या आठ मात्रावली हव्यात, असा त्या सूचनांचा आशय आहे. इतक्या काटेकोर चौकटीत चायकोव्हस्कीने आपल्या उत्तम संगीतापैकी एक संगीत दिले. चौकटीमुळे प्रतिभा गुदमरते असे मानणाऱ्यांनी ही संहिता जरूर ऐकावी.

९. ‘स्वान लेक’ पेटिपाचा आहे, मग इव्हानोव्हचे नाव का घेतात?

कारण ‘स्वान लेक’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे तळ्याकाठचे शुभ्र दृश्य पेटिपाचे नाहीच. हा बॅले प्रथम १८७७ मध्ये मॉस्कोत यूलियुस राइझिंगरच्या नृत्यरचनेसह झाला. काही वर्षे चालला आणि बंद पडला. १८९३ मध्ये चायकोव्हस्की वारला. त्याच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये पीटर्सबर्गला जो कार्यक्रम झाला, त्यासाठी पेटिपाचा साहाय्यक लेव्ह इव्हानोव्ह याने फक्त तळ्याकाठचे पहिले दृश्य रचले. ते गाजल्यामुळे १८९५ च्या जानेवारीत संपूर्ण बॅले उभा राहिला : राजवाड्यातली दृश्ये मुख्यतः पेटिपाची, तळ्याकाठची दोन्ही इव्हानोव्हची. हातात हात गुंफून एका लयीत मान वळवणाऱ्या चार छोट्या हंसिणी इव्हानोव्हच्याच. काळ्या हंसिणीच्या सलग बत्तीस गिरक्यांचे श्रेय मात्र नृत्यरचनाकारापेक्षा पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीकडे जाते. ती करामत तिने आधी दुसऱ्या बॅलेत करून दाखवली होती आणि ती लोकांना हवी होती.

१८९२ च्या ‘नटक्रॅकर’चेही असेच झाले. आराखडा पेटिपाचा, पण तो आजारी पडल्याने नाच इव्हानोव्हने रचले. इव्हानोव्ह १९०१ मध्ये वारला, तोवर दुय्यम पदावरच होता. माझ्या मते पेटिपाला संगीताची चौकट अचूक कळत होती, तर इव्हानोव्हला संगीताच्या आतला विषाद कळत होता, आणि तळ्याकाठच्या दृश्यात हा फरक उघड दिसतो.

शेवट सुखान्त की दुःखान्त, हेही विचारले जाते. १८९५ मध्ये नायक-नायिका दोघेही तळ्यात जीव देतात आणि मृत्यूनंतर एकत्र येतात. सोव्हिएत काळात अनेक आवृत्त्यांमध्ये प्रेमाचा विजय दाखवण्यात आला. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आवृत्ती कोणाची, हे पाहावे.

१०. चित्रीकरण नव्हते, तेव्हा हे नाच टिकले कसे?

मुख्यतः शरीरावरून शरीरावर. निवृत्त होणारी नर्तकी नव्या मुलीला भूमिका शिकवी, जशी घराण्यातली बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाते. आणि तिथल्याप्रमाणेच इथेही प्रत्येक हातबदलात काही सुटत गेले, काही नवे शिरले.

लेखनाचे प्रयत्नही जुने आहेत. राऊल-ओजे फयेने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जमिनीवरचा मार्ग रेषेने काढून त्यावर पावलांच्या खुणा करत. दरबारी नाचांना ती पुरेशी होती, पण हात आणि धड हलू लागले तसे तिचे बळ संपले. व्लादिमिर स्तेपानोव्हने १८९२ मध्ये संगीतलिपीच्या धर्तीवर नवी पद्धत मांडली आणि तिच्या साहाय्याने पीटर्सबर्गमधील अनेक बॅले उतरवून घेतले गेले. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह या अधिकाऱ्याने ही टिपणे रशियाबाहेर नेली. लंडनमधील ‘स्लीपिंग ब्यूटी’, ‘जिझेल’ आणि ‘स्वान लेक’ यांच्या विसाव्या शतकातील परंपरा त्यांवर उभ्या आहेत. ती टिपणे आज हार्वर्ड विद्यापीठात आहेत.

टिपणे आहेत म्हणजे नाच हाती आला, असे मात्र नाही. बऱ्याच ठिकाणी पायांची आणि रंगमंचावरील मार्गाची नोंद असते, तर हात आणि मान रिकामी असते. १९९९ मध्ये मारीन्स्की नाट्यगृहाने त्यांच्या आधारे ‘स्लीपिंग ब्यूटी’ पुन्हा उभा केला आणि २०१५ मध्ये अलेक्सेई रातमान्स्कीने अमेरिकन बॅले थिएटरसाठी तेच केले. दुसऱ्या प्रयोगात पाय आजच्यासारखे कानापर्यंत न नेता खाली ठेवलेले पाहून काही प्रेक्षकांना नर्तक कमी पडताहेत असे वाटले. वास्तविक, पेटिपाच्या काळचे सौंदर्य तसेच होते. विसाव्या शतकात लाबान आणि बेनेश या दोन लिप्या रूढ झाल्या. आज चित्रफीतही असते, पण चित्रफितीत त्या दिवशीच्या चुकाही कायम होतात.

११. पत्रिकेवर ‘पेटिपाच्या रचनेवर आधारित’ असे असते. त्यातले पेटिपाचे किती?

ठरावीक प्रमाण नाही. कुठे एखादा प्रसिद्ध नाच तेवढा जुना असतो आणि बाकी सर्व नवे. कुठे समूहाचा सांगाडा जुना आणि एकल नाच नर्तकाच्या सोयीने बदललेले असतात. पुरुषांचे नाच तर बहुतेक विसाव्या शतकात नव्याने रचले गेले, कारण पेटिपाच्या काळी वयस्क नायकाच्या वाट्याला मूकाभिनय जास्त असे. अशा वेळी पत्रिकेवरचे दुसरे, म्हणजे ती आवृत्ती बसवणाऱ्याचे नाव पाहावे : नूरेयेव्ह, ग्रिगोरोविच, माकारोव्हा यांपैकी कोण आहे, त्यावर त्या संध्याकाळचा निम्मा अंदाज बांधता येतो. पेटिपाशी अधिक निष्ठेने जाणाऱ्या प्रयोगांविषयी प्रश्न १० मध्ये लिहिले आहे.

१२. ‘ला बायादेर’ भारतात घडतो. त्यात भारतीय नृत्य आहे का?

नाही. गोवळकोंड्याच्या राजाची मुलगी गमझट्टी, सोलोर नावाचा योद्धा, निकिया ही मंदिरातली नर्तकी आणि पवित्र अग्नीभोवती नाचणारे फकीर, असा सगळा प्रकार आहे. नावे आपल्या कानाला कुठलीच लागत नाहीत आणि धर्माचा तर काला झालेला आहे. युरोपला मंदिरनर्तकीचे आकर्षण आधीपासून होते : टाल्योनीने १८३० मध्ये पॅरिसच्या ऑपेरात या विषयावर काम केले होते, १८३८ मध्ये दक्षिण भारतातील देवदासींचा एक खराखुरा संच पॅरिसला नाचून गेला होता, आणि पेटिपाचा भाऊ ल्युसियाँ याने १८५८ मध्ये शाकुंतलाच्या कथेवर बॅले केला होता. पण प्रत्यक्ष देवदासी पाहूनही पॅरिसने पावले मात्र आपलीच ठेवली.

तरीही हा बॅले पाहावा, तो ‘छायांच्या राज्या’साठी. अफूच्या धुंदीत सोलोरला मृत निकिया दिसते. उतरत्या फळीवरून पांढऱ्या वेषातली एक नर्तकी येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, मग धड मागे वाकवून हात डोक्यावर नेते, दोन पावले पुढे सरकते आणि पुन्हा तेच. तिच्या मागे दुसरी, तिसरी, अशा करत बहुतेक मोठ्या कंपन्यांत चोवीस किंवा बत्तीसजणी ओळीने उतरतात. हालचाल एकच आहे. तिच्या आवर्तनातून सगळा रंगमंच भरत जातो. सर्वांत पुढची नर्तकी ती हालचाल सर्वांत जास्त वेळा करते आणि तिचा तोल गेला, तर लपायला जागा नसते. १८७७ मधली ही कल्पना आहे. कथा काढून टाकली तरी तिचे काही अडत नाही. १९६० च्या दशकात पश्चिमेत हे दृश्य एकटेच सादर होत असे, संपूर्ण बॅले तिथे १९८० मध्ये नताल्या माकारोव्हाने बसवला.

१३. फोकीनने नेमके काय बदलले?

मिखाइल फोकीनला पेटिपाची तीन-चार अंकी भव्यता नको होती. १९०७ मध्ये आन्ना पाव्हलोव्हासाठी त्याने रचलेला मरणोन्मुख हंसिणीचा नाच जेमतेम काही मिनिटांचा आहे आणि त्यात पाय बहुतेक छोट्या पावलांनी सरकतात. सांगायचे ते हात आणि पाठ सांगतात. पुढे डियागिलेव्हच्या कंपनीसाठी ‘फायरबर्ड’ (१९१०) आणि ‘पेत्रुश्का’ (१९११) त्याने रचले. जुलै १९१४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली पाच तत्त्वे मांडली : तयार पावले जुळवू नका, विषयाला आणि काळाला साजेशी हालचाल शोधा, अभिनय केवळ हातांनी नको, सर्वांगाने हवा, समूहालाही अर्थ हवा, इत्यादी. वाचताना नोव्हेरची (प्रश्न ४) आठवण येते. दीडशे वर्षांनी तीच तक्रार पुन्हा करावी लागली.

१४. ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या पहिल्या प्रयोगात गोंधळ संगीतामुळे झाला की नाचामुळे?

दोन्हींमुळे, पण नाचाचा वाटा सहसा कमी लेखला जातो. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये पडदा वर गेला, तेव्हा नृत्यरचनाकार व्हात्स्लाव्ह निजिन्स्कीचे नर्तक पावले आत वळवून, गुडघे वाकवून, जड वेषांत जमिनीवर पाय आपटत होते. पाच स्थितींच्या (प्रश्न ३) अडीचशे वर्षांच्या संस्काराला हा सरळ नकार होता. प्रेक्षागृहातल्या आरड्याओरड्यात वाद्यवृंद ऐकू येईना, म्हणून निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून नर्तकांना मात्रा ओरडून सांगत होता.

तो नाच थोड्याच प्रयोगांनंतर बंद झाला आणि विसरला गेला. १९८७ मध्ये मिलिसेंट हॉडसनने रेखाटने, टिपणे आणि आठवणी जुळवून जॉफ्री बॅलेसाठी तो पुन्हा उभारला. या पुनर्रचनेत तर्काचा भाग बराच आहे, हे लक्षात ठेवून ती पाहावी. याउलट ‘आफ्टरनून ऑफ अ फॉन’ हा १९१२ चा नाच निजिन्स्कीने स्वतःच्या लिपीत लिहून ठेवला होता; ती लिपी १९८० च्या दशकात उलगडली, तेव्हा स्मरणाने चालत आलेल्या नाचात आणि लिहिलेल्या नाचात बराच फरक आढळला.

१५. इतिहासात स्त्री नृत्यरचनाकार दिसत नाहीत, असे का?

होत्या, पण संस्थांच्या प्रमुखपदी क्वचित. मारी सालेचा उल्लेख वर आला आहे. ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्का ही निजिन्स्कीची बहीण. तिचा ‘ले नोस’ (१९२३) माझ्या मते डियागिलेव्ह काळातील सर्वांत कठोर आणि टिकाऊ रचना आहे. विषय रशियन खेडेगावातले लग्न, पण आनंद नावालाही नाही. तपकिरी-पांढऱ्या साध्या वेषातल्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकी ठेवून चेहऱ्यांचा मनोरा रचतात आणि वधूची वेणी दोरखंडासारखी लांब दिसते. या रचनेचा विसर पडू लागला होता. १९६६ मध्ये अ‍ॅश्टनच्या आमंत्रणावरून निजिन्स्काने स्वतः तो लंडनला बसवला, म्हणून वाचला. पुढच्या काळातील नावे म्हणजे निनेट द व्हॅल्वा, अ‍ॅग्नेस द मिल, ट्वायला थार्प आणि आजची क्रिस्टल पाइट.

१६. कथा नसलेला बॅले कसा पाहायचा?

संगीत ऐकत. बालनशीनचा ‘सेरेनेड’ सुरुवातीला उत्तम. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शाळा काढल्यावर विद्यार्थिनींना रंगमंचाची सवय व्हावी म्हणून त्याने तो चायकोव्हस्कीच्या तंतुवाद्यांच्या रचनेवर बांधला. पहिल्या दिवशी सतराजणी आल्या, म्हणून आरंभ सतराजणींचा; पुढे एके दिवशी नऊ, एके दिवशी सहा, म्हणून त्या भागांत तितक्याच. कोणी पडली, कोणी उशिरा आली, तेही नाचात घेतले. पडदा उघडतो तेव्हा सर्वजणी उजवा हात उचलून, तळवा बाहेर करून, उजेड अडवावा तशा उभ्या असतात, पावले सरळ जुळलेली. काही क्षणांनी सगळ्यांची पावले एकदम बाहेर वळून पहिल्या स्थितीत येतात. इथे कथा शोधणाऱ्याला काही मिळणार नाही, पण चालणाऱ्या मुलींच्या नर्तकी कशा होतात ते दिसेल. ‘अगोन’ (१९५७) यापेक्षा कठीण आहे. तो नंतर पाहावा.

१७. एखादी भूमिका ‘अमुक नर्तकीवर रचली’ म्हणतात. मग पहिला प्रयोगही तिचाच असतो ना?

नेहमी नाही. केनेथ मॅकमिलनने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लिन सिमर आणि क्रिस्टफर गेबल यांच्या शरीरांवर रचला. ज्युलिएट पलंगावर नुसती बसून राहते, हालत नाही, आणि संगीत तिच्यातून वाहत जाते, हा धाडसी क्षण त्या तालमींतला आहे. परंतु ९ फेब्रुवारी १९६५ चा पहिला प्रयोग मार्गो फोंटेन आणि रुडॉल्फ नूरेयेव्ह यांना मिळाला, कारण तिकिटे त्यांच्या नावावर खपणार होती. त्या रात्री पडदा त्रेचाळीस वेळा उघडावा लागला असे सांगतात, पण रचनेत सिमर आहे.

१८. आमच्या संस्थेला एखाद्या बॅलेतला भाग बसवायचा आहे. परवानगी लागते का?

पेटिपा १९१० मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या मूळ रचनेवर आज कोणाचा हक्क नाही. परंतु तुम्ही चित्रफीत पाहून बसवणार असाल, तर ती बहुधा कोणा आधुनिक नृत्यरचनाकाराची आवृत्ती असेल (प्रश्न ११), आणि तिच्यावर हक्क असू शकतो. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात नृत्यरचना ही नाट्यकृतीत धरली आहे, मात्र ती लेखी किंवा अन्य स्वरूपात निश्चित केलेली हवी; मुदत सामान्यतः रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे. बालनशीनच्या रचनांची व्यवस्था १९८७ मध्ये स्थापन झालेला त्याच्या नावाचा ट्रस्ट पाहतो. तो परवानगी देतो आणि शिकवायला माणूसही पाठवतो. संगीत, वेष आणि नेपथ्य यांचे हक्क वेगळे असतात, हे विसरू नये.

१९. आपल्याकडे नृत्यनाट्याला ‘बॅले’ का म्हणतात? त्याचा या इतिहासाशी संबंध आहे का?

थोडा, पण खरा. आन्ना पाव्हलोव्हा १९२२-२३ मध्ये भारतात येऊन गेली. १९२३ मध्ये लंडनला तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून एक बॅले सादर केला, त्याची रचना इव्हान क्लुस्तीन या रशियनाची होती. त्याच वर्षी तिच्यासाठी ‘राधा-कृष्ण’ आणि हिंदू विवाहावरील नाच रचले ते तरुण उदय शंकर यांनी. त्यांनी बॅलेचे शिक्षण घेतलेले नव्हते, पण युरोपीय कंपनी कशी चालते, प्रकाश आणि समूह कसा वापरतात, हे पाहिले. पुढे त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्राशी संबंधित शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक कळसूत्री बाहुल्यांसारखे हालतात. त्यात पाच स्थिती नाहीत, टोकांवरचे नाच नाहीत. संवादांऐवजी संगीत आणि समूहरचनेतून पूर्ण कथा सांगणे, एवढ्याच अर्थाने तो बॅले.

२०. नृत्यरचनाकाराने स्वतःच रचना बदलली, तर खरी कोणती?

‘अपोलो’ हे याचे अवघड उदाहरण. स्ट्रॅविन्स्कीच्या संगीतावरची ही १९२८ ची रचना बालनशीनला आपल्या वाटचालीतले वळण वाटत असे. आरंभी देवाचा जन्म, शेवटी कलादेवतांसह पर्वतारोहण. १९७९ मध्ये मिखाइल बारिश्निकोव्हसाठी बसवताना त्याने जन्माचे दृश्य संगीतासह काढून टाकले आणि पायऱ्या चढण्याऐवजी चौघांच्या किरणांसारख्या पसरलेल्या आकृतीवर शेवट केला. त्याच्या स्वतःच्या कंपनीत पुढे ही लहान आवृत्ती रुळली. इतर अनेक कंपन्या मात्र जन्म आणि आरोहण दोन्ही ठेवून करतात. अखेरची इच्छा म्हणून पाहिले तर लहान आवृत्तीचे पारडे जड ठरते. परंतु जन्माचे दृश्य पाहिलेले नसेल, तर पुढे कलादेवतांसमोर हा देव पहिली पावले इतकी अडखळत का टाकतो, हे उमगत नाही. म्हणून मी पूर्ण आवृत्तीच्या बाजूने आहे; निर्णय रचनाकाराच्या विरुद्ध जातो, हे ठाऊक असूनही.